टी-जेटचा फ्युएल पंप आणि प्रेशर रेग्युलेटर: अकरा महिन्यांनंतर

गेल्या दसऱ्याला माझ्या फियाट लिनिया टी-जेट या टर्बो पेट्रोल गाडीत नवा फ्युएल पंप आणि बाहेरचा प्रेशर रेग्युलेटर (पेट्रोलचा दाब नेमका ठेवणारा भाग) बसवला. आता अकरा महिने झाले, गाडी साडेबारा हजार किलोमीटर पळाली. नाशिकचा एक उन्हाळा, इगतपुरीचा पाऊस आणि कसारा घाटाच्या तीसेक फेऱ्या होईपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं. नवी वस्तू पहिला आठवडा छानच चालते.

इंजिन १३६८ सीसीचं, कंपनीतून ११४ पीएसचं. रीमॅप करून (इंजिनाच्या कंप्युटरमधलं सेटिंग बदलून) बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, १.२ बारवर नेला आणि कसाऱ्याहून वर येताना, तिसऱ्या गिअरमध्ये, ४५०० आरपीएमच्या पुढे वाइडबँडवर (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा मीटर) मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी, दिसायला लागलं. टर्बो गाडीत भर लोडवर लीन म्हणजे नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून बसणारे ठोके), आणि नॉकिंगने पिस्टन फुटायला वेळ लागत नाही. मी लगेच पाय काढला आणि पुढचा महिनाभर बूस्ट उतरवून गाडी चालवली.

कारण सरळ होतं. या गाडीत मुळात रिटर्न लाइन (जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी) नाही, रेग्युलेटर टाकीतच आहे आणि रेलमध्ये (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत) कायम साडेतीन बार प्रेशर ठेवतो. इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये १.२ बार बूस्ट आला की तोच दाब इंजेक्टरच्या तोंडावर उलटा बसतो. शिल्लक राहतात २.३ बार. इंजेक्टरचा फ्लो प्रेशरच्या वर्गमुळाने बदलतो, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी तो जवळपास एकोणीस टक्के कमी पेट्रोल देतो. कंपनीच्या बूस्टला ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) ही तूट भरून काढतो, वाढवलेल्या बूस्टला इंजेक्टर उघडा ठेवायला वेळच उरत नाही. बूस्ट-रेफरन्सचा, म्हणजे मॅनिफोल्डला नळीने जोडलेला, रेग्युलेटर आणि सोबत रिटर्नची नळी लावली की जेवढा बूस्ट तेवढंच रेल प्रेशर वाढतं आणि इंजेक्टरला फरक कायम साडेतीन बारच मिळतो. इंजेक्टर न बदलता माझं काम झालं ते याच्यामुळे.

पंप निवडताना मात्र मी चुकलो. सगळे घेतात म्हणून तासाला २५५ लिटरवाला घेतला. आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) प्रेशर ४.३ बारच्या खाली येईना. रेग्युलेटरचा स्क्रू पूर्ण सैल केला तरी तेच. गाडीला पेट्रोलचा वास, प्लग काळे. दोन दिवस रेग्युलेटरलाच दोष देत बसलो. शेवटी अंबडच्या ज्या वर्कशॉपमध्ये रेलचा अ‍ॅडॅप्टर लेथवर करून घेतला होता, तिथल्या काकांनी माझी रिटर्नची नळी हातात धरली आणि म्हणाले, "अरे, एवढं पाणी आणतोस आणि मोरी केवढी ठेवलीस?" नळी ६ मिमीची होती. आयडलला इंजिन पेट्रोल पितंच किती! बाकी सगळं परत जायचं, त्याला वाट नव्हती.

मग कागद-पेन घेऊन बसलो, जे आधी करायला हवं होतं. टर्बो पेट्रोल इंजिनाला एका हॉर्सपॉवरला मिनिटाला साधारण सहा सीसी पेट्रोल धरतात. माझं लक्ष्य १५० हॉर्सपॉवर, म्हणजे मिनिटाला ९०० सीसी, तासाला ५४ लिटर. ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे सात-आठ टक्के जास्त लागतं, ते धरून ५८. वर पाव हिस्सा राखीव ठेवला तरी ७२-७३ लिटर. पण हे ४.७ बार प्रेशरला (साडेतीन अधिक १.२ बूस्ट) मिळायला हवं, आणि खोक्यावरचा आकडा बहुतेक वेळा कमी प्रेशरचा असतो. प्रेशर चढलं की प्रत्येक पंपाचा फ्लो उतरतो, म्हणून आकडा न बघता प्रेशर-फ्लोचा तक्ता मागा. मी वॉल्ब्रोचा १९० लिटरवाला घेतला आणि रिटर्न ८ मिमीचा केला. उघड्यावर, फायर एक्स्टिंग्विशर शेजारी ठेवून, ४.७ बारला रिटर्नचं पेट्रोल कॅनमध्ये मोजलं: ३० सेकंदांत एक लिटर. तासाला १२० लिटर झाले, मला पुरून उरतात. गरजेपेक्षा मोठा पंप तेच पेट्रोल इंजिनाजवळून गरम करून पुन्हा टाकीत आणून ओततो, आणि एप्रिल-मे मध्ये ते परवडत नाही.

वॉल्ब्रोच्या नावाने नकली माल भरपूर फिरतो. मलाही आधी एक ऑनलाइन मिळाला होता, तो परत केला. ओळखीच्या दुकानातून, बिलासह घ्या.

वायरिंगचं कोणी बोलत नाही, म्हणून सांगतो. अल्टरनेटर १३.९ व्होल्ट देत होता, पंपाच्या टर्मिनलवर मल्टीमीटरने ११.६ दिसले. बॅटरीपासून ४ चौरस मिमीची वायर, बॅटरीलगत २० अँपिअरचा फ्यूज आणि एक रिले टाकला. आता पंपावर १३.४ येतात. पंपाच्या जुन्या वायरीनेच रिले चालू होतो. अपघातात मूळ यंत्रणेने पंप तोडला की हाही बंद पडलाच पाहिजे, त्यात तडजोड नाही.

रेग्युलेटर टर्बोस्मार्टचा एफपीआर ८०० आहे. त्याआधी एक स्वस्तातला बिननावाचा लावला होता. तपासायची पद्धत कुणीही करू शकेल अशी आहे: इंजिन बंद, पंप चालू, रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी मॅनिफोल्डवरून काढून तिला टी जोडून हवेचा हातपंप आणि छोटा गेज लावायचा. एक बार हवा मारली की रेलच्या गेजवर बरोबर एक बार वाढायला हवा. स्वस्तवाल्यावर ०.७ वाढला. म्हणजे पूर्ण बूस्टवर तो मला पुन्हा लीनच करणार होता. टर्बोस्मार्टवर काटा ३.५ वरून ४.५ वर गेला, हवा सोडली की परत ३.५. अकरा महिन्यांत तीनदा तपासलं, तेच उत्तर.

बेस प्रेशर (बूस्टशिवायचं साडेतीन बार) ठरवताना व्हॅक्यूमची नळी काढायला विसरू नका. नळी जोडल्यावर आयडलला काटा २.९ वर येतो, ते बरोबर आहे. ही नळी थ्रॉटलनंतरच्या मॅनिफोल्डवरून, आखूड, दुसऱ्या कशाची फांदी न काढता घ्या आणि दोन्ही टोकांना क्लिप लावा. कधी त्या नळीत पेट्रोलचा वास आला तर रेग्युलेटरच्या आतला डायफ्रॅम (पडदा) फाटलाय, गाडी चालवू नका. आणि रिटर्नची सिस्टिम केल्यावर मॅप पुन्हा करावाच लागतो.

टाकीच्या आतली नळी पेट्रोलमध्ये बुडून टिकणारीच हवी, एसएई जे-३०-आर-१० लिहिलेली. बाहेरची साधी नळी आत घातली की ती बाहेरून फुगते आणि मऊ पडते. मी मे महिन्यात टाकीतलं पंपाचं मॉड्यूल उघडून पाहिलं, नळी घट्ट होती, रिटर्न पंपाच्या वाटीतच पडत होता. तरीही टाकी पाव भागाच्या खाली असताना वणीच्या घाटातल्या वळणांवर रेल प्रेशरचा काटा दोनदा थरथरला. तेव्हापासून घाटात जायचं तर निम्मी टाकी असतेच.

पंपाचा आवाज मूळच्यापेक्षा जास्त आहे. मागच्या सीटवर बसलेल्या आईला तो सिग्नलला ऐकू येतो, हायवेवर नाही. मायलेज गावात आधी होतं तेवढंच. मागच्या रविवारी इगतपुरीच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ५५०० पर्यंत पाय दाबून ठेवला: रेलवर ४.७, वाइडबँडवर ११.८ (म्हणजे लीन नाही), काटा हलला नाही.