जपानी लोकसुरांची सिंफनी: आधी तोयामा ऐकावा की इफुकुबे?

भाचीचा निरोप आला, "मावशी, जपानी लोकगीतांवरचं सिंफनी ऑर्केस्ट्राचं काहीतरी ऐकायचंय. एकच सांग, यादी नको." ती लहानपणापासून पेटी शिकलेली. राग ओळखते, सिंफनीची मात्र फारशी सवय नाही. यादी दोन मिनिटांत करून दिली असती, पण एकच नाव काढायला मला दोन दिवस लागले. आधी तिलाच एक प्रश्न विचारायला हवा होता. लोकगीत जसंच्या तसं कानावर पडायला हवं, की एकच गाणं हळूहळू फुलताना ऐकायचंय, की गाणं एकही नको पण त्या मातीचा दणका हवा? या तिन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत. तिच्यासारखंच ठरवू पाहणाऱ्यांसाठी ती इथे शेजारी शेजारी मांडते.

(आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की चित्रपटगीतांचा रंगमंचावरचा कार्यक्रम डोळ्यांपुढे येतो. इथे व्हायोलिन, चेलो, हॉर्न, बासरी असा साठ-ऐंशी वादकांचा ताफा धरायचा.)

जपानात कोणालाही विचारलं तर बहुतेक पहिलं नाव संगीतकार यूझो तोयामांच्या 'ऑर्केस्ट्रासाठी रॅप्सोडी'चं निघेल. रॅप्सोडी म्हणजे ठरावीक साच्यात न अडकलेली मोकळी रचना. १९६० साली एनएचके या जपानी प्रसारण संस्थेचा सिंफनी ऑर्केस्ट्रा जगाच्या दौऱ्यावर निघाला, तेव्हा त्या दौऱ्यासाठी ही रचना झाली. जेमतेम आठ मिनिटांची. सुरुवातीला ह्योशिगी वाजतात, म्हणजे काबुकी नाटकाचा पडदा उघडताना वाजवतात ते लाकडाचे दोन ठोकळे. लगेच ब्रासवर, म्हणजे ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांवर, 'आन्तागाता दोकोसा' हे मुलींचं चेंडू आपटत म्हणायचं गाणं सुरू होतं, एकाने ओळ सुरू केली की दुसरा मागून तीच ओळ धरतो. मग होक्काइदो या उत्तरेकडच्या बेटावरच्या हेरिंग मासेमारांचं 'सोरान बुशी', फुकुओकाच्या कोळसाखाणींचं 'तांको बुशी', वाकायामाच्या किनाऱ्यावरचं 'कुशिमोतो बुशी'. गाणी एकमेकांच्या अंगावरून जातात, एक संपायच्या आत दुसरं आलेलं असतं.

मग अचानक सगळं थांबतं आणि एकटी बासरी 'शिनानो ओइवाके' धरते. नागानोच्या डोंगरवाटांवर ओझ्याचे घोडे हाकणाऱ्यांचं हे गाणं. त्याला मोजता येईल असा ताल नाही, श्वास पुरेल तितका सूर लांबतो. माझ्या मते अख्ख्या रचनेचं मोल या दीड-दोन मिनिटांत आहे. बासरीने शेवटचा सूर सोडला की तालवाद्यं उसळतात आणि 'यागी बुशी' येतं, गुन्मा आणि तोचिगीच्या सीमेवरचं, साके या तांदळाच्या दारूचं पिंप बडवत म्हणायचं नाचाचं गाणं.

तोयामांनी ही दोन गाणी अशी पाठोपाठ ठेवली, त्यात मोठी गंमत आहे. फुमिओ कोइझुमी या संगीत-अभ्यासकांनी जपानी लोकगीतांच्या लयीचे दोन ढोबळ प्रकार सांगितले. ठाम ठेक्याची ती यागी बुशी धाटणीची आणि मुक्त लयीची ती ओइवाके धाटणीची. हे कोइझुमी १९५०च्या दशकात भारतात येऊन आपलं संगीत शिकून गेले होते. म्हणजे आठ मिनिटांच्या या रचनेच्या शेवटच्या भागात जपानी लोकसंगीताची दोन्ही टोकं एकमेकांना लागून ऐकू येतात. आलाप संपून द्रुत सुरू झाल्यासारखं आपल्या कानाला वाटतं, आणि ते वाटणं अगदीच चुकीचं नाही.

उणीव काय? गाणी एकामागून एक येतात आणि जातात. 'सोरान बुशी'त जाळ्यातून मासे उपसणाऱ्यांच्या अंगाची जी ओढ आहे, ती इथे चार-सहा ओळींत उरकते. परदेशी श्रोत्यांपुढे देशाची ओळख करून द्यायची, या कामासाठी ती चोख आहे. तीन-चार वेळा ऐकल्यावर मात्र हाती नवीन फारसं लागत नाही, निदान मला लागलं नाही. बासरीचा तो तुकडा सोडून.

आता अगदी उलटं टोक, अकिरा इफुकुबे. जन्म १९१४, होक्काइदोतल्या कुशिरोचा. घराणं मुळात इनाबा प्रांतातल्या उबे देवस्थानाच्या पुजाऱ्यांचं, आणि तिथलं दैवत ताकेनोउची नो सुकुने म्हणजे 'कोजिकी' आणि 'निहोन शोकी' या आठव्या शतकातल्या पुराणग्रंथांमधला पुरुष. लहानपणी कुटुंब तोकाचीच्या मैदानातल्या ओतोफुके गावी गेलं. वडील तिथले गावप्रमुख. त्या भागात आयनू, म्हणजे होक्काइदोच्या मूळ रहिवाशांची वस्ती होती. त्यांची गाणी, त्यांचे नाच या मुलाने जवळून पाहिले. पुढे शिक्षण वनशास्त्राचं झालं, नोकरी जंगलखात्यात लागली. संगीत रचायला ते स्वतःचे स्वतःच शिकले.

एकविसाव्या वर्षी त्यांनी 'जपानी रॅप्सोडी' लिहिली. रशियन संगीतकार अलेक्सांद्र चेरेपनिन यांनी जपानी रचनाकारांसाठी ठेवलेल्या स्पर्धेत १९३५ साली तिला पहिलं बक्षीस मिळालं. निकाल पॅरिसमध्ये लागला आणि १९३६मध्ये रचना वाजली ती बोस्टनमध्ये. दोनच भाग आहेत, रात्र आणि उत्सव. पहिला भाग तालवाद्यांच्या मंद ठोक्यांवर एकट्या व्हायोलाने सुरू होतो. व्हायोलाचा आवाज व्हायोलिनपेक्षा जाड, थोडा घोगरा. दूर कुठेतरी अंधारात कोणी गातंय आणि आपण वाटेत थबकलोय, असं होतं. दुसऱ्या भागात गावची जत्रा अंगावर येते. तोयामांशी तुलना करायची तर मुद्दा हा, की इथे गाणी उसनी घेतलेली नाहीत. सूर इफुकुबेंचे स्वतःचे आहेत, पण ते गावात शंभर वर्षं म्हटले गेले असावेत असे वाटतात.

तरी मला इफुकुबेंमधून एकच निवडायला लावलं, तर मी 'सिंफोनिया ताप्कारा' निवडेन. १९५४ची रचना, १९५५मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसला पहिल्यांदा वाजलेली. १९७९मध्ये त्यांनी ती सुधारली. ताप्कारा हा आयनूंचा पाय आपटत करायचा नाच. तीन भाग, अर्ध्या तासाच्या आसपास. पहिला भाग जड पावलांनी सुरू होतो, मग धावू लागतो. मधला भाग संथ, हार्पच्या थेंबांवर तरंगणारा. तिसरा म्हणजे नुसता नाच.

या संगीताची किल्ली पुनरावृत्तीत आहे. एक छोटी ओळ पुन्हा, पुन्हा, पुन्हा. युरोपीय सिंफनी ऐकून तयार झालेले काही कान इथे कंटाळतात, त्यांना वाटतं की विषय पुढे सरकत नाही. आपल्याला तो अडथळा यायचं कारण नाही. तबल्याच्या एकल वादनात मागे लेहरा फिरत राहतो, तेव्हा लेहरा बदलत नाही अशी तक्रार कोणी करत नाही. इफुकुबेंची ओळ फिरत राहते, वजन वाढत जातं, मध्येच मात्रा घटतात किंवा वाढतात आणि पाऊल चुकल्यासारखं होऊन पुन्हा जमिनीवर येतं.

त्याच १९५४ साली त्यांनी 'गोजिरा' म्हणजे गॉडझिला चित्रपटाला संगीत दिलं. तो ठेका जगभर माहीत आहे. राक्षसाची डरकाळी डबल बासच्या तारांवरून चामड्याचा हातमोजा घासून काढली होती. ताप्कारा ऐकताना ही ओळख मदतीला येते, कारण ठोक्यांचा जडपणा तोच आहे. फरक इतकाच, की तिथे पाऊल राक्षसाचं होतं आणि इथे माणसाचं. पुराणकथांची ओढ असेल त्यांनी १९६३च्या एका ॲनिमेशनपटासाठी त्यांनी केलेलं संगीतही ऐकावं. त्यात सुसानोओ हा देव आठ फण्यांच्या ओरोची सर्पाला मारतो, ती कथा आहे. जपानी पुराण आणि मोठा ऑर्केस्ट्रा यांची इतकी सरळ भेट इतरत्र क्वचित होते. गौतम बुद्धांवरही त्यांची १९८९ची मोठी रचना आहे, गायकवृंद आणि ऑर्केस्ट्रासाठी.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करते, कारण ती मला महत्त्वाची वाटते. इफुकुबे स्वतः आयनू नव्हते. ताप्कारा ही एका शेजारी मुलाने प्रेमाने जपलेली आठवण आहे. तिला आयनू संगीत समजू नये. ते ऐकायचं असेल तर तोन्कोरी हे पाच तारांचं वाद्य आणि आयनू बायकांची सामूहिक गाणी शोधा.

या दोन टोकांच्या मध्ये कियोशिगे कोयामा आहेत, आणि त्यांच्याविषयी फार थोडं बोललं जातं याची मला खंत आहे. जन्म त्याच १९१४ सालचा, नागानोचा. त्यांची 'कोबिकी उता' १९५७ची. कोबिकी म्हणजे मोठ्या करवतीने ओंडक्याच्या फळ्या पाडणारे कामकरी. गाणं एकच, क्यूशू बेटावरचं, आणि त्यावर चार भागांचा विस्तार. सुरुवात ऐका. गाणं यायच्या आधी तंतुवाद्यांवर करवत चालते, पुढे-मागे, पुढे-मागे. जपानी करवत ढकलताना कापत नाही, ओढताना कापते. गाण्याचा दम त्या ओढीत बसलेला आहे. मग तेच गाणं पुढच्या भागात बोन या पितरांच्या सणाच्या नाचात शिरतं, त्यानंतर सकाळचं गाणं होतं, आणि शेवटी सगळा ऑर्केस्ट्रा ते उचलून धरतो. सगळं मिळून साधारण बारा मिनिटं.

तोयामा सहा गाणी दाखवतात, कोयामा एकाच गाण्यापाशी बसतात. बढत ऐकायची सवय असलेल्या माणसाला मी आधी हेच देईन. ही रागाची बढत नव्हे, पाश्चात्त्य पद्धतीची रूपांतरं आहेत. पण एक सूरवाक्य धरून त्यातून काय काय निघतं ते बघत बसण्याचा आनंद दोन्हीकडे सारखा आहे.

पेटीवाल्यांसाठी आणखी एक. जपानी लोकगीतांची स्वरसप्तकं पंचस्वरी आहेत आणि ती आपल्या हाताखालची आहेत. 'सोरान बुशी'सारखी गाणी ज्या स्वरांत आहेत ते सा, कोमल ग, म, प, कोमल नी, म्हणजे धानीचे स्वर. शहरी, शामिसेन या तीन तारांच्या वाद्यावरच्या गाण्यांतले सा, कोमल रे, म, प, कोमल ध, म्हणजे गुणकलीचे. ओकिनावाकडचे सा, ग, म, प, शुद्ध नी, तिलंगच्या आरोहासारखे. स्वर तेच, चलन मात्र अजिबात ते नाही, त्यामुळे राग शोधायला जाऊ नका. पण ऐकण्याआधी पेटीवर हे पाच-पाच स्वर दोन मिनिटं फिरवून पाहिले, तर ऑर्केस्ट्राच्या गर्दीतही सूर हाताला लागतो.

दरबारी गागाकू संगीताची वाट निराळी आहे, ती थोडक्यात सांगते. हिदेमारो कोनोए यांनी १९३१ साली 'एतेनराकू' ही जुनी दरबारी रचना ऑर्केस्ट्रावर आणली. तिचे स्वर दुर्गा रागाचे. लय इतकी संथ, की पहिल्यांदा ऐकताना काही घडतच नाही असं वाटतं. याच सुरावरून फुकुओकाकडचं 'कुरोदा बुशी' हे लोकगीत आलं, म्हणजे दरबारातून सूर गावात गेला. इफुकुबेंचे विद्यार्थी तोशिरो मायुझुमी यांनी १९५८च्या 'निर्वाण सिंफनी'त देवळातल्या घंटांच्या नादाचं ध्वनिविश्लेषण करून तो ऑर्केस्ट्रात उतरवला, सोबत बौद्ध मंत्रपठण. रचना जबरदस्त आहे, पण लोकगीत ऐकायला निघालेल्या माणसाने इथून सुरुवात करू नये.

घ्यायचं कसं, तर नॅक्सॉस या ध्वनिमुद्रण कंपनीच्या एका संग्रहात र्‍यूसुके नुमाजिरींनी तोक्यो मेट्रोपॉलिटन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर तोयामांची रॅप्सोडी, 'एतेनराकू', इफुकुबेंची 'जपानी रॅप्सोडी' आणि 'कोबिकी उता' एकत्र वाजवलेल्या आहेत. तुलना करायची तर हाच एक संग्रह पुरे. ताप्कारा त्यात नाही. त्यासाठी दिमित्री याब्लोन्स्की यांनी रशियन फिलहार्मोनिकबरोबर केलेलं ध्वनिमुद्रण आहे, त्याच कंपनीचं.

हाताशी दहाच मिनिटं असतील, किंवा घरातल्या मुलांना सोबत बसवायचं असेल, तर तोयामा. राग-संगीताचा कान असेल आणि सिंफनी नवी असेल, तर कोयामा. एका संध्याकाळचा अर्धा तास मोकळा असेल आणि मोठ्या आवाजात लावायची सोय असेल, तर वाट न बघता ताप्कारा.

भाचीला मी 'कोबिकी उता' पाठवली. ताप्कारा तिला फोनवर ऐकू देणार नाही. दिवाळीत येईल तेव्हा मोठे स्पीकर लावणार आहे, आणि तिसरा भाग सुरू व्हायच्या आधी तिला खुर्चीवरून उठवून जमिनीवर अनवाणी उभं करणार आहे.