बँकॉकची नोकरी सांगून म्यावाडीत विकलं: तक्रार देताना मानवी तस्करीचं कलम १४३ लिहून घ्या

एकूण ३,६६,५०० रुपये गेले. १,२६,५०० मुलगा निघण्याआधी एजंटाला, आणि २,४०,००० तो म्यानमारमधल्या म्यावाडीत, ऑनलाइन फसवणूक करून घेणाऱ्या टोळ्यांच्या कंपाउंडात अडकल्यावर, सोडवणुकीच्या नावाखाली. मुलगा म्हणजे माझ्या ताईचा थोरला. बी.कॉम. झालेला, टॅली येतं, इंग्रजी बोलता-लिहिता येतं. "एवढं शिकून कसे फसलात?" हे सोयऱ्याधायऱ्यांपासून पोलीस ठाण्यापर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय, म्हणून आधीच सांगतो: या टोळ्यांना शिकलेलीच मुलं लागतात. परदेशातल्या माणसाशी रात्ररात्र चॅट करून त्याला खोट्या गुंतवणुकीत ओढायचं काम अडाणी माणसाकडून होत नाही. टायपिंग आणि इंग्रजी येणारा, पासपोर्ट तयार असलेला, घरची जबाबदारी अंगावर असलेला पोरगा हाच त्यांचा माल.

पद्धत आता बहुतेकांना ठाऊक आहे, पाल्हाळ लावत नाही. टेलिग्रामवर जाहिरात, बँकॉकला "कस्टमर सपोर्ट", महिना ८५,००० रुपये, राहणं-खाणं कंपनीचं. व्हिडिओ कॉलवर मुलाखत झाली, टायपिंगचा वेग तपासला, ऑफर लेटर आलं.

पैसे असे गेले: नोंदणीचे १०,०००, "व्हिसा आणि प्रोसेसिंग"चे ९५,०००, तिकिटाचे २१,५००. सगळे यूपीआयनं, एका माणसाच्या वैयक्तिक खात्यावर. पावती मागितली तेव्हा "ऑफिसातून मेल येईल". १९८३ च्या एमिग्रेशन ॲक्टखाली नोंदणी झालेला भरती एजंट जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेऊ शकतो, तेही पावती देऊन. हा आकडा पाठ करा. नोंदणीकृत एजंटांची यादी ई-मायग्रेट पोर्टलवर कुणालाही बघता येते. पण जाहिरातीवर परवाना क्रमांक आहे एवढ्यावर थांबू नका, दुसऱ्याचा क्रमांक उचलून छापणारेही आहेत. पोर्टलवर त्या एजन्सीचा जो पत्ता आणि फोन आहे, तिथे फोन करून "ही जाहिरात तुमचीच का" असं विचारा.

थांबवायला हवं होतं ते विमानाच्या आदल्या रात्री. एजंटाचा मेसेज आला, तो जसाच्या तसा देतो: "इमिग्रेशनला विचारलं तर फिरायला चाललोय म्हणायचं. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग दाखवायचं. कंपनीचं नाव काढायचं नाही. ऑफर लेटर मोबाइलमधून डिलीट कर." परतीचं तिकीट दहा दिवसांनंतरचं, हॉटेल चार रात्रींचं. वर्षभराच्या नोकरीला निघालेल्या मुलाच्या हातात पर्यटकाचे कागद! तो मेसेज आजही वाचवत नाही. थायलंडमध्ये नोकरी करायची तर आधी नॉन-इमिग्रंट बी व्हिसा आणि मग वर्क परमिट लागतं. नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना तिथे व्हिसाशिवाय जाता येऊ लागलं, जुलै २०२४ पासून मुदत ६० दिवसांची झाली, पण त्या शिक्क्यावर नोकरी करता येत नाही. हे आम्ही विचारलं नाही असं नाही. विचारलं. एजंट म्हणाला, "व्हिसा तिथे गेल्यावर कन्व्हर्ट होतो." काही प्रकरणांत तो खरंच तिथे बदलून मिळतो, त्यामुळे उत्तर पटण्यासारखं होतं. अर्धं खरं सांगणारा माणूस पकडायला अवघड जातो. पण ऑफर लेटर डिलीट करायला सांगणं याला दुसरा अर्थच नव्हता.

इथे सरकारची चाळणीही कामाला येत नाही, तेही समजून घ्या. दहावी पास झालेल्याचा पासपोर्ट ईसीएनआर, म्हणजे एमिग्रेशन क्लिअरन्स (नोकरीसाठी परदेशी जायची सरकारी परवानगी) न लागणारा असतो. ज्याचा पासपोर्ट ईसीआर आहे, त्याला ठरावीक देशांत नोकरीला जाताना एमिग्रेशन क्लिअरन्स लागतो. त्या यादीत थायलंड आहे. म्यानमार, लाओस, कंबोडिया नाहीत. म्हणजे शिकलेला मुलगा पर्यटक म्हणून निघाला की त्याच्या नोकरीचा करार कुठल्याही सरकारी टेबलावर तपासला जात नाही. टोळ्यांना हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

बँकॉकला उतरल्यावर गाडी आली. मुलानं ताईला लाइव्ह लोकेशन पाठवलं होतं. निळा ठिपका शहरात न जाता उत्तरेला सरकत राहिला, रात्री ताक नावाचं शहर ओलांडलं आणि पश्चिमेच्या डोंगरात वळला. बँकॉकपासून सीमेवरचं माए सोत सुमारे ५०० किलोमीटर आहे, सात-आठ तासांचा रस्ता. एजंट म्हणाला, "कंपनीची ट्रेनिंग साइट आहे." माए सोतला मोए नदी, पलीकडे म्यानमारमधलं म्यावाडी. नदी अरुंद आहे, होडीनं काही मिनिटांत माणूस पार. ज्यांची मुलं निघाली आहेत त्यांनी एवढं करा: नकाशावर बँकॉक, माए सोत आणि ताक ही नावं आजच बघून ठेवा. गाडी बँकॉकबाहेर पडून ताकच्या दिशेनं लागली तर मुलाला पेट्रोल पंपावर, पोलीस चौकीवर, जिथे माणसं दिसतील तिथे उतरायला सांगा. थायलंडच्या हद्दीत असेपर्यंत सुटका शक्य असते. नदी ओलांडली की तिथे सरकारचं नव्हे, हत्यारबंद गटांचं राज्य.

आत काय चालतं ते थोडक्यात. पासपोर्ट पहिल्या दिवशी काढून घेतात. पंधरा-सोळा तास काम, रोजचं टार्गेट, टार्गेट चुकलं की मार, विजेचा झटका, जेवण बंद. "जायचं असेल तर आम्ही तुझ्यासाठी मोजलेले पैसे दे." म्हणजे एजंटानं आमच्याकडून घेतले ते वेगळे आणि मुलाला विकून घेतले ते वेगळे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये दिलेला अंदाज असा की म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० माणसं अशी कोंडलेली आहेत. याला गुलामी म्हणायचं नाही तर कशाला?

मागणी ५,००० डॉलरची आली. घासाघीस होऊन २,४०,००० वर ठरलं. तीन वेगवेगळ्या भारतीय खात्यांवर: १,००,०००, ९०,०००, ५०,०००. पैसे पोचल्यावर त्याला सोडलं नाही, दुसऱ्या कंपाउंडला विकलं. पैसे दिल्याबद्दल आम्हाला कुणी शहाणपण शिकवू नये. फोनवर पोराचं ओरडणं ऐकवत होते. पण दुसऱ्यांना सांगतो, पैसे देणाऱ्या घराचा भाव वाढतो. आणि दिलेच, तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत खात्यावरची रक्कम गोठवता येते, नंतर ती दहा खात्यांत फुटते. मुलाच्या फोनवर मात्र तक्रारीचा एकही शब्द पाठवू नका, आत फोन तपासतात.

आता पोलिसांचं. पहिल्या ठाण्यात उत्तर: मुलगा सज्ञान आहे, स्वतःच्या पायानं गेला, आम्ही काय करणार? एजंट दुसऱ्या जिल्ह्यातला, तिकडे जा. तिकडे म्हणाले, मुलगा जिथे राहतो तिथे जा. सायबर शाखा म्हणाली, ही नोकरीची फसवणूक, आर्थिक गुन्हे शाखेकडे न्या. आर्थिक गुन्हे शाखा म्हणाली, रक्कम लहान आहे. रक्कम लहान! माणूस कोंडलाय आणि हे रकमेचं माप काढतात. साहेब बंदोबस्ताला, साहेब कोर्टात, साहेब मीटिंगला. ताई ठाण्याच्या बाकावर डबा घेऊन बसायची, तिला "बाई, उद्या या" सांगायचे. शेवटी अर्ज घेतला आणि पोचपावतीवर विषय लिहिला: "पैशांच्या देवाणघेवाणीबाबत".

यातलं एकही उत्तर कायद्यात बसत नाही. "स्वतःच्या पायानं गेला" याला भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्येच उत्तर आहे. स्पष्टीकरण २ सांगतं की तस्करीचा गुन्हा ठरवताना पीडिताची संमती गैरलागू आहे. हद्दीचं म्हणाल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे बीएनएसएस, कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. झिरो एफआयआर तो हाच. नोंदवली नाही तर कलम १७३(४): तक्रार लेखी, पोस्टानं पोलीस अधीक्षकांना, आयुक्तालय असेल तर उपायुक्तांना, आणि तरीही हलले नाहीत तर थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. साध्या पोस्टानं नको, स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या.

तक्रार "माझे पैसे बुडाले" अशी सुरू केलीत की ती न्याय संहितेच्या कलम ३१८ च्या फसवणुकीत जाते आणि तिथेच रुतते. ती तीन भागांत लिहा. पहिला: कुणी भरती केलं, कुणी नेलं, कुणी ताब्यात घेतलं. दुसरा: कशानं, म्हणजे खोटं सांगून आणि पगाराचं आमिष दाखवून. तिसरा: कशासाठी, म्हणजे पासपोर्ट काढून, कोंडून, मारहाण करून सक्तीनं काम करून घ्यायला, गुलामीसारख्या स्थितीत ठेवायला. कलम १४३ ला हे तिन्ही लागतात. पैसे चौथ्या परिच्छेदात. सोबत चॅट एक्सपोर्ट करून, एजंटाचं टेलिग्राम युजरनेम, प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर (बँकेचा व्यवहार) क्रमांक, लोकेशनचे स्क्रीनशॉट, पासपोर्टची प्रत.

फरक केवढा पडतो ते बघा. बेकायदा भरतीला एमिग्रेशन ॲक्टच्या कलम २४ खाली जास्तीत जास्त दोन वर्षं आणि दंड २,००० रुपये. माणूस विकणाऱ्याला दोन हजार दंड! कलम १४३ खाली किमान ७, कमाल १० वर्षं सक्तमजुरी, एकाहून जास्त माणसं नेली असतील तर किमान १० ते जन्मठेप. शिवाय तस्करीचा गुन्हा २०१९ च्या दुरुस्तीपासून एनआयएच्या कक्षेत येतो, आणि मानवी तस्करीविरोधी कक्षाकडे फाइल नेता येते.

परराष्ट्र मंत्रालयाच्या "मदद" पोर्टलवरही तक्रार टाका. देश निवडताना विमान बँकॉकचं होतं म्हणून थायलंड टाकाल, तर तक्रार भलत्या दूतावासाकडे जाईल. मुलगा नदीपलीकडे असेल तर म्यानमार निवडा.

५ फेब्रुवारी २०२५ ला थायलंडनं सीमेपलीकडची वीज, इंधन आणि इंटरनेट तोडलं, त्यानंतर कंपाउंडं मोकळी व्हायला लागली. १० मार्चला २८३ आणि दुसऱ्या दिवशी २६६ भारतीयांना वायुदलाच्या विमानांनी माए सोतहून आणलं. मुलगा त्यात आला. आणणाऱ्यांचे उपकार आहेत, ते विसरणार नाही.

पण इथे आल्यावर जबाबाला बसवून पहिला प्रश्न काय? "तू किती लोकांना लुटलंस?" फोन जप्त, पंचनामा, आणि पोरगा आरोपीसारखा खुर्चीच्या कडेला. आपल्याकडे १९७६ च्या कायद्याखाली सुटलेल्या वेठबिगाराला मुक्तीचा दाखला मिळतो, त्याचं कर्ज कायद्यानं संपतं, तातडीची मदत ३०,००० रुपयांपर्यंत आणि पुनर्वसनाला १ ते ३ लाख अशी केंद्राची योजना आहे. परदेशातल्या कंपाउंडातून परतलेल्याला "हा पीडित आहे" सांगणारा असा एकही कागद नाही. ब्रिटनमध्ये २०१५ च्या मॉडर्न स्लेव्हरी ॲक्टच्या कलम ४५ नं सक्तीखाली केलेल्या गुन्ह्यांपैकी बऱ्याच गुन्ह्यांत पीडिताला बचाव दिलाय. आपल्याकडे आहे ते न्याय संहितेचं कलम ३२, त्यात तत्क्षणी जिवाची भीती होती हे सिद्ध करावं लागतं. महिनोन् महिन्यांच्या छळाला ते अपुरं पडतं. तस्करीविरोधी स्वतंत्र विधेयक २६ जुलै २०१८ ला लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत गेलंच नाही आणि २०१९ मध्ये बुडालं. २०२१ चा मसुदा मांडलाच गेला नाही. हे कुणाच्या अजेंड्यावर आहे?

म्हणून मुलगा परतण्याआधी घरच्यांच्या नावानं कलम १४३ ची तक्रार नोंदलेली असणं हाच सध्या त्याचा पीडित असल्याचा पुरावा. नुसतं ३१८ लागलं असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे तस्करीच्या पीडिताला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. कलम १४३ वाढवण्याचा अर्ज त्या वकिलामार्फत द्या. पोलिसांपुढच्या जबाबावर सही लागत नाही, बीएनएसएस कलम १८१ तसंच सांगतं, कुणी दटावलं तरी करू नका. कलम १८३ खाली मुलाचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवून घ्यायची मागणी करा, आणि त्याला आधी सांगून ठेवा: पासपोर्ट कुणी घेतला, दाराला कुलूप कुणाचं होतं, मारलं कशानं, हे पहिल्यांदा. चॅटवर काय टाइप करायला लावलं, ते त्यानंतर.