काल्पनिक जगाच्या नोंदी आणि ऑब्सिडियन: दोन वर्षांच्या वापरानंतर

फोंड्याला माझ्या घरी दर रविवारी दुपारी आम्ही पाच जण टेबलटॉप रोलप्लेइंग, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेका पात्राची भूमिका घेत गोष्ट पुढे नेण्याचा खेळ, खेळायला जमतो आणि गेली दोन वर्षे आमची एकच मोहीम, म्हणजे सलग कथा, चालू आहे. तिचे जग मी कदंबकालीन गोव्यावर बेतले आहे. ११ व्या शतकात कदंब राजघराण्याची राजधानी चंद्रपूरहून, म्हणजे आजच्या चांदोरहून, झुआरी नदीकाठच्या गोपकपट्टणला गेली. त्या स्थित्यंतराच्या काळात खेळाडूंची पात्रे वावरतात. अशा जगाला बंदरे, खाजने (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेते), देवस्थाने, व्यापाऱ्यांची घराणी आणि त्यांची जुनी वैरे असे सगळेच लागते. ते रचण्यात आनंद आहे, पण मागच्या पावसाळ्यात मानशीवरून (खाजनाच्या बांधातल्या पाण्याच्या दारावरून) भांडलेला गावकर कोणाचा जावई होता, असे एखाद्या खेळाडूने ऐन खेळात विचारले की उत्तर अर्ध्या मिनिटात हाती यावे लागते. नोंदी ठेवण्याचे कोणतेही साधन मी याच कसोटीवर पारखतो.

सुरुवातीला माझ्या नोंदी वह्यांत होत्या. नंतर त्या एका ऑनलाइन सेवेत भरल्या, परंतु आषाढात इंटरनेट दोन दिवस बंद पडले तेव्हा ठरलेला खेळ रद्द करावा लागला, कारण माझ्याच जगाची माहिती माझ्याजवळ नव्हती. म्हणून मी ऑब्सिडियनकडे वळलो. २०२० मध्ये आलेले हे सॉफ्टवेअर वैयक्तिक वापरासाठी मोफत असून ते संगणकावर आणि मोबाइलवर चालते. त्याचा पाया अगदी साधा आहे: प्रत्येक नोंद ही आपल्याच फोल्डरमधली मार्कडाउन पद्धतीची, म्हणजे मथळे वगैरे साध्या चिन्हांनी दाखवणारी, साधी मजकूर फाइल असते, त्यामुळे ती इंटरनेटविना उघडते आणि उद्या हे सॉफ्टवेअर नाहीसे झाले तरी कोणत्याही साध्या संपादकात वाचता येते. वर्षानुवर्षे चालणाऱ्या मोहिमेसाठी मला हा गुण इतर सर्व सोयींपेक्षा मोठा वाटतो.

त्याचे खरे बळ दुव्यांत आहे. दुहेरी चौकटी कंसात नाव लिहिले की त्या नावाच्या नोंदीशी दुवा जुळतो आणि ती नोंद अजून लिहिलेली नसली तरी दुवा तसाच राहतो. पुढे त्यावर क्लिक केले की कोरी नोंद तयार होते. शिवाय प्रत्येक नोंदीच्या बाजूला तिचा उल्लेख आणखी कुठे आला आहे याची यादी मिळते. आमच्या एका खेळात खाजनाचा बांध फुटून भरतीचे खारे पाणी शेतात शिरले, तेव्हा त्या बांधाची नोंद उघडताच त्याच्या डागडुजीचे वचन देऊन ते मोडणारा व्यापारी, ज्या देवळात ते वचन दिले गेले ते देऊळ आणि आठ महिन्यांपूर्वीच्या खेळाचा वृत्तांत या तिन्ही गोष्टी समोर आल्या. व्यापाऱ्याची गोष्ट मी स्वतः विसरलो होतो. नोंदी फोल्डरांच्या उतरंडीत कोंबल्या असत्या, तर हा धागा हाती लागला नसता.

मराठीत लिहिणाऱ्याला मात्र एक अडचण येते आणि तिच्यावर उपाय आधीच करून ठेवणे इष्ट. आपल्या भाषेत नामाचे सामान्यरूप होते. ‘चांदोर’चा दुवा बंद करून पुढे ‘ला’ लिहिले तर काही बिघडत नाही, पण ‘गोपकपट्टणात’ लिहिताना कंसाबाहेर नुसता काना लोंबकळत राहतो आणि ‘मानस’चे ‘मानशीच्या’ झाले की मूळ शब्दच बदलतो. यासाठी प्रत्येक नोंदीला ‘एलिअस’ म्हणजे पर्यायी नावे देता येतात. मी ‘मानस’ या नोंदीला ‘मानशी’ हे पर्यायी नाव दिले आहे; दुवा लिहिताना ते यादीत दिसते, निवडल्यावर [[मानस|मानशी]] असा दुवा आपोआप बनतो आणि पुढे ‘च्या’ किंवा ‘वरून’ जोडणे सोपे जाते. झुआरी आणि जुवारी यांसारख्या दुहेरी नावांनाही हाच उपाय लागू पडतो. नवी नोंद करतानाच सामान्यरूप लिहून ठेवण्याची सवय मी पहिल्या महिन्यात लावून घ्यायला हवी होती. तीनशे नोंदींनंतर ते काम फार जड गेले.

पात्रांसाठी मी एक साचा केला असून त्यात गाव, घराणे आणि सध्याची स्थिती एवढेच गुणधर्म ठेवले आहेत. २०२५ मध्ये आलेल्या ‘बेसेस’ या सोयीमुळे त्यांचा तक्ता बनतो आणि गोपकपट्टणमधले हयात व्यापारी लगेच वेगळे काढता येतात. सर्व नोंदींचे जाळे दाखवणारा आलेख देखणा आहे, पण खेळाच्या वेळी मला त्याचा उपयोग झालेला नाही. इतरांनी बनवलेली प्लगिने, म्हणजे वरून जोडायच्या छोट्या सोयी, यांचीही विपुलता आहे. त्यांपैकी लढाईतला क्रम सांभाळणारे एक आणि शत्रूंचे तपशील मांडणारे एक एवढीच घ्यावीत असे माझे मत आहे, कारण जग रचण्याचा वेळ साधन सजवण्यात जाऊ लागतो.

खरी उणीव सहभागाची आहे. अमुक खेळाडूला अमुकच भाग दिसावा अशी परवानगीची सोय ऑब्सिडियनमध्ये मुळात नाही. ती हवी असेल तर कांका हे ब्राउझरमध्ये चालणारे साधन अधिक योग्य ठरेल. त्यात पात्रे, स्थळे, घराणी, दिनदर्शिका असे तयार विभाग आहेत आणि प्रत्येक नोंद कोणाला दिसावी हे ठरवता येते. ऑब्सिडियनच्या ‘सिंक’ आणि ‘पब्लिश’ या जोडसेवा सशुल्क आहेत. मी खेळाडूंसाठी वेगळे फोल्डर ठेवले आहे आणि दर रविवारी रात्री त्यांना त्या दिवशी कळलेल्या गोष्टींच्याच नोंदी गुपिते वगळून त्यात उतरवतो. त्याला वीसेक मिनिटे लागतात. मात्र वगळलेल्या नोंदींकडे जाणारे दुवे त्या प्रतीत फिके दिसतात आणि पुढच्या रविवारी खेळाडू नेमके त्यांच्याबद्दलच विचारतात.