छावणीत काय चालवायचं, सेल्फ-हेल्प प्लस की पीएम प्लस?

एक मैत्रीण निर्वासितांच्या छावणीत कामाला निघालीये, विचारत होती यातलं काय घेऊ. दोन्ही मनावरचा ताण हलका करायचे कार्यक्रम, दोन्ही डब्ल्यूएचओचेच (जागतिक आरोग्य संघटना), दोन्ही पाच सेशनचे, आणि दोन्हीला सायकॉलॉजिस्ट लागत नाही, म्हणून गोंधळ होतो.

माणसं किती लागतात बघ. सेल्फ-हेल्प प्लसमध्ये रेकॉर्ड केलेला ऑडिओ लावायचा, सोबत चित्रांचं पुस्तक, एका वेळी २०-३० जण, दोन-दोन तास. युगांडातल्या राइनो कॅम्पमध्ये दक्षिण सुदानच्या बायकांसोबत हे करून पाहिलं, ताण कमी झाला, पण तीन महिन्यांनी फरक बराच छोटा उरला. हे मी फार महत्त्वाचं मानते.

पीएम प्लस (प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस) म्हणजे एका मदतनीसाने एकाच माणसासोबत बसायचं, दर आठवड्याला दीड तास. श्वासाचा सराव, अडचणी सोडवणं, बंद पडलेली कामं पुन्हा सुरू करणं, आपली माणसं जोडणं. मदतनीस नीट ट्रेन करावे लागतात, वर देखरेख लागते, म्हणजे खर्च आलाच (ग्रुपवालं रूपही आहे, जॉर्डनच्या अझराक कॅम्पात सीरियन लोकांसोबत वापरलंय).

गर्दी मोठी, हात कमी, तर ऑडिओवालं घे. खचलेली, घरचं-रेशनचं काहीच सुचत नाही अशी माणसं असतील तर पीएम प्लस. जिवाचं बरंवाईट करायचं बोलणाऱ्याला मात्र यातलं काहीच पुरायचं नाही, थेट डॉक्टरकडे.