हेड नवे म्हणून पैसे घेतले, बसवले मात्र जुनेच

नारायण पेठेत आमचा लहानसा फोटो स्टुडिओ आहे. मोठे फोटो आम्ही बाहेर छापायला देत नाही. त्यासाठी ४४ इंची एप्सन स्टायलस प्रो ९९०० हा शाईचा प्रिंटर गेली आठ वर्षे आमच्याकडे आहे. या यंत्राच्या दुरुस्तीत माझी १ लाख १८ हजार रुपयांची फसवणूक झाली. ती कशी झाली हे तपशिलाने लिहिते, कारण अशी यंत्रे बाळगणारे लहान व्यावसायिक पुण्यात बरेच आहेत आणि दुरुस्त करणारे मात्र थोडे, त्यामुळे जो मिळेल त्याच्या शब्दावर आपण विसंबतो.

गेल्या एप्रिलमध्ये चार दिवस स्टुडिओ बंद होता. परत आल्यावर एका वयस्क गृहस्थांच्या दिवंगत पत्नीचा कृष्णधवल फोटो छापायला घेतला, तर गालावर आडवे फिकट पट्टे उमटले. नोझल चेक काढला (या चाचणीच्या कागदावर शाईचे प्रत्येक छिद्र पायऱ्यांच्या रांगेत एक बारीक रेघ काढते), तेव्हा फिकट काळ्या शाईच्या पायऱ्यांमध्ये सात ठिकाणी रेघा तुटलेल्या होत्या. नेहमीचे तंत्रज्ञ गावी गेले होते, म्हणून ओळखीतून दुसऱ्याला बोलावले. त्याने लागोपाठ चार वेळा जोरदार क्लीनिंग, म्हणजे शाई ओढून छिद्रे साफ करणे, चालवले, महागडी शाई मेंटेनन्स टँकमध्ये, म्हणजे वाया गेलेल्या शाईच्या डब्यात, गेली, आणि मग तो म्हणाला, "ताई, हेड गेलं. आता कितीही साफ केलं तरी रेघा येणार नाहीत." हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, काढून तो घेऊन गेला. दोन दिवसांनी एका खोक्यातून "नवे" हेड आणून बसवले. खोक्याचे सील आधीच फोडलेले होते. वर्कशॉपमध्ये तपासून आणले, असे त्याने सांगितले. छपाई स्वच्छ आली, मी पैसे दिले आणि हाताने लिहिलेली चिठ्ठी ठेवून घेतली. तिच्यावर "सर्व्हिस चार्ज" एवढेच होते.

पावसाळ्यात पुन्हा रेघा तुटल्या. प्रत्येक नोझल चेकवर तारीख घालून तो कागद जपून ठेवण्याची मला सवय आहे. एप्रिलचा आणि नवा, असे दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले, तर त्याच रंगात, त्याच पायऱ्यांवर, त्याच सात जागा रिकाम्या होत्या. या हेडमध्ये एकेका रंगाला ३६० छिद्रे असतात. दोन वेगवेगळ्या हेडची नेमकी तीच सात छिद्रे बुजतील, हे मला पटेना.

आता नेहमीच्या तंत्रज्ञांनी हेड बाहेर काढले. चार वर्षांपूर्वी त्यांनीच हेड खरोखर बदलले होते, तेव्हा त्यावरील लेबलचा फोटो मी काढून ठेवला होता, कारण तो क्रमांक हेड बसवताना यंत्राच्या ॲडजस्टमेंट प्रोग्रॅममध्ये भरावा लागतो आणि प्रत्येक हेडचा वेगळा असतो. फोटोतील आणि समोरच्या हेडवरील क्रमांक अक्षरशः एकच निघाला. म्हणजे आमचेच हेड धुऊन, खोक्यात घालून आम्हालाच विकले होते.

खरा दोष हेडमध्ये नव्हताच. छपाई थांबल्यावर हेड ज्या कॅपवर टेकते, तिच्या रबरी कडेवर सुकलेल्या शाईचा जाड थर चढला होता आणि हेड पुसणाऱ्या वायपरचे रबर कडक झाले होते. कॅप घट्ट बसत नसल्याने हवा लागून हेडमधील शाई सुकत होती. कॅप, वायपर आणि मजुरी मिळून ९ हजार रुपयांत काम झाले.

हेड विकणाऱ्या माणसाने फोन उचलणे बंद केले. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये व्यापारी हेतूसाठी घेतलेली वस्तू किंवा सेवा वगळलेली आहे. मात्र स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी वस्तू विकत घेऊन वापरणाऱ्याला ग्राहक मानले जाते, आणि तक्रार २ वर्षांच्या आत करावी लागते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते. वकिलांनी माझी कागदपत्रे पाहिली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "बिलावर हेडचा उल्लेख कुठे आहे?" तो नव्हता.

त्यामुळे आता यंत्र उघडण्यापूर्वी मी नोझल चेक काढून त्यावर तंत्रज्ञाची सही घेते. निघालेला भाग जुना असो वा निकामी, तो स्टुडिओतच राहतो, आणि नव्या भागाचा क्रमांक जीएसटी बिलावर लिहिल्याशिवाय मी पैसे देत नाही. दोन क्लीनिंगनंतरही रेघा आल्या नाहीत, तर तिसरे न करता रात्रभर यंत्र तसेच ठेवते आणि सकाळी आधी कॅपची कड टॉर्चने पाहते. ती चिठ्ठी, दोन्ही नोझल चेक आणि लेबलचा फोटो जोडून मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे.