मोठ्यांची तीनचाकी सायकल: एक पावसाळा आणि एक हिवाळा काढल्यावर

कानाच्या दुखण्यानं तोल जायला लागला आणि डॉक्टरांनी स्कूटी बंद करायला लावली. मग ही घेतली. पुढं एक चाक, मागं दोन, मधे बास्केट. कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. भाजी, बँक, शाहूपुरीतलं माहेर आणि कधीमधी रंकाळा, एवढंच माझं फिरणं. गल्लीत बऱ्याच जणी थांबवून विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहिते.

सिग्नलला पाय टेकावा लागत नाही, हे सुख मोठं आहे. कितीही हळू चालवा, पडत नाही. मधला दांडा खाली असल्यानं साडी नेसूनही बसता येतं. लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारातून आठवड्याची भाजी आणि वर दोन-चार नारळ आरामात येतात. मूळची बास्केट मात्र तारेची, ओझ्यानं झोल खायची. उद्यमनगरात एका वर्कशॉपवाल्यानं खालून पट्टी वेल्डिंग करून दिली आणि ब्रेक दाबून ठेवायला एक खिट्टीही बसवली. आता उतारावर उभी केली तरी घरंगळत नाही. ही खिट्टी कंपनीनंच द्यायला हवी होती.

आता त्रास. साधी सायकल वळताना झुकते, ही झुकत नाही. जरा जोरात वळवली की आतल्या बाजूचं चाक उचलतं. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडं उतार असतो, त्यामुळं डावीकडून चालवताना गाडी सारखी गटारीकडं ओढते आणि हँडल धरून धरून मनगट भरून येतं. दोन चाकांवरचा माणूस खड्ड्यांतून एक रेघ शोधतो, मला तीन शोधाव्या लागतात. पुढचं चाक वाचवलं की मागचं एक नेमकं आत. माझ्या मॉडेलात पेडलचा जोर मागच्या एकाच चाकाला जातो. चिखलात ते जागच्या जागी फिरत बसतं. पावसात पारीख पुलाखाली पाणी साचलं की वळसा आलाच. मोटारवाल्याला तो जाणवतही नाही, माझा घाम निघतो.

पण खरी गंमत फाटकांपाशी. एका उद्यानाच्या तोंडाशी मोटारसायकली आत जाऊ नयेत म्हणून लोखंडी पाइप रोवलेत. पोरं हँडल तिरकं करून मोटारसायकल आरामात काढतात, माझी मागची चाकं अडकतात. वॉचमन म्हणाला, "मावशी, हितनं न्हाई जायाची, भायेरच लावा." बाहेर कुठं? स्टँड एका चाकाच्या खाचांचा.

मी निदान उतरून ढकलू तरी शकते. बाजारात एक गृहस्थ भेटतात, हातानं फिरवायच्या तीनचाकीवर. अपंगांना सरकारी एडिप योजनेतून मिळते तसली गाडी. त्यांना मी पाइपांचं सांगितलं, तर हसले. "तुमाला पाय हाईत ताई. मी कुटं उतरू?" ही योजना 1981 पासून चालू आहे. म्हणजे एका हातानं सरकार गाडी देतं आणि रस्त्यात पाइप रोवताना तीच गाडी कुणाच्या ध्यानात नसते.

सायकल ट्रॅकचा विषय निघाला की बोलणं रंकाळ्याच्या फेरीवर, हेल्मेट आणि गिअरच्या सायकलींवर जातं. त्या हौशी सायकलवाल्यांबद्दल राग नाही, माझा भाचाच त्यातला. पण पहाटे हँडलला डबा अडकवून कारखान्याकडं निघालेला कामगार त्या बोलण्यात नसतो. त्याला हौसेची फेरी नको, कामाची वाट हवी. 2006 च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात रस्त्याची जागा वाहनांकडं नव्हे, माणसांकडं बघून न्याय्य वाटावी असं लिहिलंय. कागद चांगला आहे. 2013 मध्ये कोलकात्यात मात्र शंभरावर रस्त्यांवर सायकललाच बंदी घातली होती, वाहतूक मंदावते म्हणून! दूधवाले, पेपरवाले, कामवाल्या बायका यांनी जायचं कुठून?

जीएसटीचंही तसंच. मी घेतली तेव्हा सायकलवर 12 टक्के होता आणि विजेवर चालणाऱ्या आलिशान मोटारीवर 5. सप्टेंबर 2025 मध्ये सायकलचाही 5 झाला, माझे पैसे गेले ते गेलेच.

घ्यावी का? तोलाचा त्रास असेल, फिरणं सपाटीवर आणि जवळपास असेल, तर जरूर घ्या. टेंबलाईचा चढ रोज चढायचा असेल तर नको, गिअर असला तरी जड पडते. पेडलचा जोर मागच्या दोन्ही चाकांना जाणारी मिळाली तर जास्त पैसे पडले तरी तीच बघा. आणि दुकानात जाताना टेप घेऊन जा. मागच्या चाकांची बाहेरून बाहेरपर्यंतची रुंदी मोजा, मग घरी येऊन आपलं फाटक मोजा. आमच्याकडं एक फाळका कापावा लागला.