ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावरची खाऊ-तपासणी: खरं लिहिलंत तर चोख सेवा

सिडनी-मेलबर्नला मुलांकडे निघालेल्या आईवडिलांना या तपासणीची फार धास्ती असते. आमच्या मते सेवा पाचपैकी चार गुणांची आहे, पण प्रवासी कार्ड, म्हणजे सोबत काय आणलंय ते सांगणारा फॉर्म, नीट भरलं तरच. खाण्याच्या प्रश्नापुढे ‘यस’वर खूण करून सगळं दाखवलंत, तर नियमात न बसणारी वस्तू तेवढी काढून घेतात, दंड नाही. ‘नो’ लिहिलं आणि बॅगेत काही निघालं, तर जागेवर दंड. व्हिसासुद्धा रद्द होऊ शकतो. शंका आली तरी ‘यस’च.

हमखास काढून घेतले जातात ते पेढे, बर्फी, गुलाबजाम. कारण लाळ्या खुरकूत हा गुरांचा रोग. ऑस्ट्रेलियात हा रोग 1872 नंतर आलेला नाही, भारतात तो आहे, म्हणून आपल्याकडच्या दुधाच्या मिठाईला तिथे प्रवेश नाही. हलवायाने कितीही घट्ट व्हॅक्युम पॅक करून दिलं तरी फरक पडत नाही.

दुसरं म्हणजे डाळी. तूर, मूग, मसूर, हरभरा, तांदूळ, शेंगदाणे, जिरे, धने, बडीशेप, सुक्या लाल मिरच्या: यातलं काहीही कच्चं नेऊ नका, पाव किलोही नाही. इथे भीती खापरा भुंगेऱ्याची, म्हणजे साठवलेलं धान्य फस्त करणाऱ्या किड्याची. त्याची अळी फटीत दडून अन्नावाचून फार काळ जगते, आणि एकदा गोदामात शिरली की निघता निघत नाही. हेच जिन्नस कारखान्यात भाजून वा तळून पाकीटबंद केलेले असले तर चालतात. त्यामुळे नामांकित दुकानाचा सीलबंद चिवडा न्यावा.

एक गुण कापला तो घरच्या डब्यांपायी. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला यांच्या पिशवीवर लेबलच नसतं. आत काय आहे ते अधिकाऱ्याने ओळखायचं कसं? निर्णय त्याच्या हातात राहतो आणि रांगेत वेळ मोडतो. पुढे देशांतर्गत विमान असेल तर मध्ये निदान तीन तास ठेवा.

सगळा खाऊ एकाच बॅगेत, सगळ्यात वर, इंग्रजी घटकयादी दिसेल असा भरा. विमानात मिळालेलं सफरचंद पर्समध्ये राहतं, तेही खाऊन टाका किंवा तपासणीआधीच्या टाकाऊ पेटीत टाका.